अंतिम निर्णय कोणाचा?

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• विमानाच्या कप्तानाचे अधिकार कोठे सुरू होतात व कोठे संपतात हे सांगू शकाल;
• संशय आणि पुरावा यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

भिलाईहून रायपूरला जाणाऱ्या बसमध्ये एखाद्या उतारूने दंगा केला, तर चालक बस जवळच्या पोलीस ठाण्यासमोर उभी करू शकतो. पुढचे काम पोलिसांचे असते. रायपूरच्या विमानतळावरून उडालेले विमान मात्र असे वाटेत उभे करता येत नाही. हजारो फूट उंचीवर धोका निर्माण झाला, तर निर्णय कोणी घ्यावयाचा? विमानात असलेल्या कप्तानाने, की जमिनीवर असलेल्या शासनाने?

या प्रश्नाचे उत्तर १९६३ च्या टोकियो करारात आढळते. भारताने १९७५ मध्ये कायदा करून हा करार देशात लागू केला. प्रवासी चढल्यानंतर विमानाची सर्व बाहेरील दारे बंद होतात, त्या क्षणापासून प्रवाशांना उतरवण्यासाठी एखादे दार उघडेपर्यंत कप्तानाला विशेष अधिकार असतात. एखादी व्यक्ती विमानाची सुरक्षितता धोक्यात आणत आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर तो तिला बांधून ठेवू शकतो, वाटेत उतरवू शकतो किंवा पोलिसांच्या स्वाधीन करू शकतो. त्यासाठी त्याला न्यायालयाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. मात्र तो शिक्षा देऊ शकत नाही. ते काम न्यायालयाचे आहे.

३० ऑक्टोबर २०१७ च्या पहाटे मुंबईहून दिल्लीला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात ११५ प्रवासी व ७ कर्मचारी होते. स्वच्छतागृहात कर्मचाऱ्यांना एक चिठ्ठी सापडली. विमानात अपहरणकर्ते आहेत, सामानकक्षात स्फोटके आहेत, अशी धमकी तीत होती. चिठ्ठी खरी की खोटी हे आकाशात ठरवण्याचे कोणतेही साधन नव्हते. कप्तानाने दिल्लीचा मार्ग सोडला आणि विमान अहमदाबादला उतरवले. तेथे प्रवासी सुखरूप उतरले. विमानाची झडती झाली. काहीही सापडले नाही.

धमकी पोकळ निघाली, म्हणून कप्तानाचा निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. निर्णयाचे मोल तो घेताना हाती असलेल्या माहितीवरून करावयाचे असते.

पुढे या प्रकरणी एका प्रवाशावर २०१६ च्या अपहरणविरोधी कायद्याखाली खटला चालला. २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप व पाच कोटी रुपये दंड अशी शिक्षा दिली. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. उपलब्ध पुरावा संशयापलीकडे जात नव्हता. विमान उतरवण्यास संशय पुरेसा होता. माणसाला जन्मभर तुरुंगात ठेवण्यास तो पुरेसा नव्हता. यात विसंगती नाही. कप्तान संशयावरून वागतो, न्यायालय पुराव्यावरून. दोघांनीही आपापली मर्यादा पाळली, तरच प्रवाशाचे प्राण आणि नागरिकाचे हक्क दोन्ही सुरक्षित राहतात.

परंतु कप्तानाच्या मानेशीच शस्त्र असेल तर? २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान पाच जणांनी पळवले. कप्तान देवी शरण यांना ते इंधनासाठी अमृतसरला उतरवावे लागले. विमान तेथेच रोखावे असे दिल्लीतील अधिकाऱ्यांना वाटत होते. इंधन न मिळाल्यास प्रवासी मारले जातील, असा निरोप विमानातून येत होता. सुमारे पाऊण तास गेला. इंधनही मिळाले नाही आणि विमानही रोखले गेले नाही. शेवटी अपहरणकर्त्यांनी ते इंधनाविनाच उडवण्यास भाग पाडले. लाहोरला प्रथम उतरण्याची परवानगी मिळेना. धावपट्टीचे दिवेही मालवण्यात आले होते. लाहोर व दुबईमार्गे विमान कंदाहारला गेले. एका प्रवाशाची हत्या झाली होती. ३१ डिसेंबरला तीन दहशतवाद्यांची सुटका करून ओलिसांना सोडवावे लागले.

कायद्याने दिलेला अधिकार बळाने हिरावला जाऊ शकतो, हे यावरून दिसते. तसे झाले की जबाबदारी शासनावर येते, कारण धावपट्टी, इंधन आणि सुरक्षादले त्याच्या हाती असतात. आत काय चालले आहे हे कप्तानाला ठाऊक असते. बाहेर काय करता येईल हे शासनाला. म्हणून ‘कोण श्रेष्ठ?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणाचा अधिकार कोठे संपतो, आणि तेथून पुढे निर्णय घेण्यास दुसरा तयार आहे काय?’ हा खरा प्रश्न आहे. अमृतसरला तो अनुत्तरित राहिला.

शब्दार्थ

वाजवी – योग्य, पटण्याजोगे
पोकळ – खोटी, निराधार
विसंगती – मेळ नसणे
ओलीस – मागणी मान्य करून घेण्यासाठी अडकवून ठेवलेली व्यक्ती

स्वाध्याय

१. कप्तानाचे विशेष अधिकार केव्हापासून केव्हापर्यंत असतात?
२. ‘कप्तान संशयावरून वागतो, न्यायालय पुराव्यावरून.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. अमृतसर व अहमदाबाद येथील प्रसंगांत कोणता मुख्य फरक होता?
४. पोलाद कारखान्यात वायुगळतीची शंका आली आहे. वरिष्ठांशी संपर्क होत नाही. पाळीप्रमुखाने काम थांबवावे काय? गळती नव्हती असे नंतर कळल्यास त्याला दोष द्यावा काय? आठ ते दहा ओळींत तुमचे मत लिहा.