रायगडचा रज्जुमार्ग : सहलीपूर्वी शिकवावयाचा एक पाठ

किनाऱ्यावरील शाळांची सहल रायगडास निघाली की मुलांच्या तोंडी पहिला प्रश्न रोपवेचा असतो, राजसदरेचा नव्हे. ह्याबद्दल मुलांस दोष देण्याचे कारण नाही. हवेत लोंबत डोंगर चढणारा पाळणा कोणास मोह पाडणार नाही? मात्र तो जत्रेतील पाळण्यासारखा मौजेचा म्हणून सोडून दिला, तर सहलीतील एक मोठा पाठ हातचा जातो. जो डोंगर शत्रूस चढता येऊ नये म्हणून राजधानीसाठी निवडला गेला, त्यावर आज पायांनी अधू असलेला माणूसही चार-पाच मिनिटांत पोहोचतो. हे कसे घडले, हा तो पाठ होय.

आरंभ गडापासून करावा. रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. १६५६ मध्ये रायरीचा हा डोंगर महाराजांकडे आला आणि हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली त्यावर राजधानी उभी राहिली. तीन बाजूंस ताशीव कडे, आणि वाट ठेवली ती बुरुजांच्या माऱ्याखाली. हिरकणीची कथा मुलांना ठाऊक असतेच. ती आख्यायिका आहे, हे शिक्षकांनी स्पष्ट सांगावे; पण दरवाजे मिटल्यावर गड किती बंद होत असे, याची लोकांच्या मनातील आठवण तिच्यात टिकून आहे, हेही सांगावे. रोपवेचे खालचे स्थानक ज्या वाडीत आहे, तिचे नाव हिरकणीवाडीच. वरचे स्थानक मेणा दरवाजाच्या बाजूस आहे. मेण्यातून माणसे वाहून नेणाऱ्या गडाचा हा दरवाजा आज दोरावरून येणाऱ्या पाहुण्यांच्या वाट्यास आला, ही गंमत मुलांच्या सहज ध्यानी येईल.

गडाच्या उंचीची अडचण शत्रूपुरती नव्हती. वृद्ध जिजाऊंस वरची हवा मानवेना, म्हणून त्यांच्यासाठी पायथ्याशी पाचाडास वाडा बांधला गेला. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि १७ जून रोजी त्या पाचाडासच निवर्तल्या. सहलीत पाचाडच्या समाधीपाशी थांबून हे सांगावे. चढण म्हणजे काय, ते मुलांना निराळ्या रीतीने समजेल.

आता दोराकडे वळावे. दरी ओलांडण्यास दोर ताणण्याची युक्ती हिमालयातील लोकांस फार पूर्वीपासून अवगत होती. मात्र खांबांवरून अखंड फिरणारा दोर आणि त्यास टांगलेल्या टोपल्या, अशी रचना बाल्टिक समुद्राकाठच्या डान्झिग शहरी आडाम वीबे नावाच्या डच स्थापत्यकाराने १६४४ मध्ये केली. काम काय, तर टेकडीवरील माती नदीपलीकडे नेऊन तटबंदी बांधणे! शिवाजी महाराज तेव्हा १४ वर्षांचे होते. म्हणजे दोराची ही वाट प्रथम गाजली ती तटबंदीच्या बांधकामासाठीच.

तो दोर तागाचा होता. भिजे, कुजे, झिजे. माणसांचा जीव त्यावर टांगता येत नव्हता. १८३४ मध्ये जर्मनीतील क्लाउस्थाल येथील खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट ह्याने लोखंडी तारांना पीळ देऊन दोर केला आणि मार्ग खुला झाला. साखळीची एक कडी तुटली की सारे कोसळते; पीळ दिलेल्या दोरात एक तार तुटली तरी बाकीच्या भार उचलून धरतात. हे शिकविण्यास आपल्या किनाऱ्यावर साहित्य विकत आणावे लागत नाही. नारळाच्या सोडणाचा काथ्या घ्यावा, त्याचा एक धागा मुलाकडून तोडवावा, मग त्याच काथ्याचे वळलेले सुंभ त्याच्या हाती द्यावे.

पुढे १९०८ मध्ये बोल्झानो येथे आणि १९१२ मध्ये रिओ दे जानेरो येथे प्रवाशांचे मार्ग सुरू झाले. बिहारात राजगीर येथे १९६९ मध्ये खुर्च्यांचा रज्जुमार्ग झाला. रायगडचा मार्ग जोग इंजिनिअरिंग ह्या कंपनीने उभारला. तो ३ एप्रिल १९९६ रोजी सुरू झाला. लांबी सुमारे साडेसातशे मीटर, चढ सुमारे चारशे मीटर.

एका बाजूचे पाळणे वर चढतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली उतरतात. ज्या विहिरीच्या रहाटास दोन बादल्या असतात, तेथे रिकामी बादली खाली जाताना भरलेलीस मदत करते, तत्त्व तेच. यंत्रास पाळण्यांचे सगळे वजन ओढावे लागत नाही, दोन बाजूंतील फरक आणि घर्षण एवढेच ओढावे लागते. एक कप्पी, सुतळी आणि दोन डबे घेऊन डब्यांत सारखे खडे घालावेत. पहिलीतील मूलही एका बोटाने डबा वर नेईल.

दुसरा प्रयोग सातवीसाठी. रोपवेचा दोर मध्ये झोळ खाल्लेला दिसतो. मुले त्यास ढिलाई समजतात. पडवीच्या दोन खांबांना वीस विती अंतरावर दोरी बांधावी आणि मधोमध दगड टांगावा. झोळ एक वीत असेल तर दोरीवर दगडाच्या वजनाच्या सुमारे पाचपट ताण येतो. झोळ अर्धी वीत केला तर दहापट. दोर अगदी सरळ ताणण्याचा हट्ट धरला, तर कितीही जाड दोर पुरा पडणार नाही. म्हणून झोळ हिशेबाने ठेवलेला असतो.

राहता राहिली प्रत्यक्ष सहल. पुष्कळ शाळांत एखाददुसरे मूल पायाने अधू, दम्याचे किंवा हृदयाच्या विकाराचे असते आणि सहलीच्या दिवशी ते घरी राहते. पालकच म्हणतात, "गुरुजी, त्याला नको, तुमचा खोळंबा होईल." पूर्वी ह्यावर उत्तर कठीण होते. आता ते मूल, पालकांची संमती आणि वैद्यकीय सल्ला घेऊन, एका शिक्षकासह व दोन सोबत्यांसह रोपवेने वर जाऊ शकते. भाड्याचा खर्च वर्गाच्या वर्गणीत आधीच धरावा, म्हणजे त्याच्या घरी वेगळा मागावा लागणार नाही. धडधाकट मुलांनी मात्र पायऱ्यांनीच चढावे. महादरवाजाचे दोन बुरूज वळण घेऊन एकदम समोर येतात, तो अनुभव दोरावरून जाणाऱ्यास मिळत नाही. जोराचा वारा सुटल्यास पाळणे थांबवावे लागतात, म्हणून परतीच्या वेळेत तासा-दीड तासाची सवड ठेवावी.

दोन्ही तुकड्यांनी जगदीश्वराच्या प्रांगणात एकत्र यावे. डबे उघडण्यापूर्वी चालत आलेल्यांनी महादरवाजा कसा लागला ते सांगावे, आणि दोरावरून आलेल्याने वर येणारा व खाली जाणारा पाळणा वाटेत नेमके कोठे भेटले ते सांगावे.