ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, म्हणजे नेमकं काय झालं?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला सर्वात मानाचा वैयक्तिक पुरस्कार म्हणजे ब्राउनलो पदक. मोसमातल्या प्रत्येक साखळी सामन्यानंतर पंच मतं देतात आणि वर्षअखेरीस सर्वाधिक मतांचा मानकरी ठरतो. २०१४ साली हे पदक वेस्ट कोस्ट ईगल्सच्या मॅट प्रिडिसला मिळालं. याच प्रिडिसला तरुणपणी राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये एकाही क्लबने घेतलं नव्हतं. चेंडू भरपूर मिळवतो, पण पायात वेग नाही, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. पुढे ईगल्सने त्याला रूकी म्हणून, म्हणजे उमेदवारीवर घेतलं आणि तो २४० सामने खेळून निवृत्त झाला.

मेलबर्न, पर्थ, ॲडलेडमधल्या मराठी घरांत आता फुटी, म्हणजे हाच ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळणारी मुलं मोठी होत आहेत. ऑसकिकला, म्हणजे लहानांच्या फुटीच्या वर्गाला, पाचव्या वर्षी हाताला धरून नेलेला मुलगा सोळाव्या वर्षी विभागीय संघात निवडला जातो, आणि तिथून आईवडिलांच्या जिवाला घोर लागतो. अशा पालकांचा नोव्हेंबरअखेरचा प्रश्न ठरलेला असतो: "क्लबचा बेस्ट अँड फेअरेस्ट पुरस्कार दोनदा घेतला त्याने, मग याला का नाही घेतलं?" या प्रश्नाला खरं उत्तर आहे, आणि ते बारावीच्या आधीच कळलेलं बरं.

आधी व्यवस्था समजून घेऊ. एएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, सध्या १८ क्लब आहेत. टास्मानियाचा एकोणिसावा क्लब २०२८ मध्ये उतरायचा आहे. प्रत्येक क्लबच्या यादीत चाळीसच्या आसपास खेळाडू असतात. दर नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय ड्राफ्ट होतो, त्यात सगळे क्लब मिळून साधारण साठ-सत्तर नावं घेतात. तळाला राहिलेल्या क्लबला पहिली निवड मिळते. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला अठरा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. क्लब मुलाला निवडतो, मुलगा क्लबला निवडू शकत नाही. म्हणजे मेलबर्नमध्ये वाढलेल्या मुलाला पर्थला जाऊन राहावं लागू शकतं.

आपली अडचण अशी की आपण मेरिट लिस्टच्या संस्कारात वाढलो. सीईटीला अमुक पर्सेंटाइल पडलं की तमुक कॉलेज मिळतं, आणि कमी गुणांच्या मुलाला आपल्या आधी जागा मिळाली तर तो अन्याय. ड्राफ्टला कट-ऑफ नसतो. रिक्रूटर, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारा माणूस, आजच्या खेळाचे गुण देत नाही. हा मुलगा तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी कसा असेल आणि आमच्या संघात कुठे बसेल, याचा तो अंदाज बांधतो. मुलाला वगळण्याची बहुतेक कारणं या अंदाजात दडलेली आहेत.

पहिलं कारण शरीराचं. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा खेळतात. दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे अंतर खांद्यांत, मांड्यांत आणि उडीत दिसतं. मोठा दिसणारा मुलगा विभागीय संघात जातो, त्याला चांगला प्रशिक्षक, चांगली व्यायामशाळा आणि जास्त सामने मिळतात. लहान दिसणारा तिथेच गळतो. तीन वर्षांनी दोघांतला फरक खरोखरच वाढलेला असतो, आणि मग निवड बरोबरच होती असं सगळ्यांना वाटतं. वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा वरचष्मा अनेक खेळांत संशोधकांना आढळला आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल त्याला अपवाद नाही. तुमचं मूल नोव्हेंबर-डिसेंबरचं असेल आणि अजून उंची धरत असेल, तर सोळाव्या वर्षीच्या निवडीवरून काहीही ठरवू नका.

उंचीचा पूर्वग्रह तर उघड आहे. २०१४ च्या अठरा वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचं लार्क पदक केलेब डॅनियलला मिळालं. उंची १६८ सेंटिमीटर. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव यायला ४६वा क्रमांक उजाडला. दोन वर्षांनी वेस्टर्न बुलडॉग्जने विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो त्या संघात होता. लॅकी नील १७७ सेंटिमीटरचा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या किबिबोलाइट या लहानशा गावचा. २०११ मध्ये तो ५८व्या क्रमांकावर गेला आणि पुढे २०२० आणि २०२३ अशी दोन ब्राउनलो पदकं घेऊन बसला. रिक्रूटर मूर्ख नसतात. उंच मुलगा चुकला तर "त्याला वेळ लागतोय" असं म्हणता येतं, बुटका मुलगा चुकला तर "तुम्हाला दिसत नव्हतं का?" असं विचारलं जातं. नोकरी सांभाळणारा माणूस कोणती चूक टाळेल, हे उघड आहे.

मग येतात मोजमापं. ऑक्टोबरमध्ये निवडक मुलांना कंबाइनला बोलावतात. वीस मीटर धाव, उभी उडी, चपळाई आणि दोन किलोमीटरची दौड. आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात, म्हणून पालकांना तेच सर्वस्व वाटतं. पण गर्दीत चेंडू कुठे पडणार हे अर्धा क्षण आधी ओळखणं कोणत्याही घड्याळात पकडता येत नाही. सॅम मिचेल २००० च्या ड्राफ्टमध्ये वगळला गेला. आणखी एक वर्ष तो बॉक्स हिलकडून खेळला, २००१ मध्ये ३६व्या क्रमांकावर हॉथॉर्नने त्याला घेतलं, आणि २००८ च्या विजेत्या संघाचा तो कर्णधार होता. वेगाच्या चाचणीत तो कधीच पहिला आला नसता.

टॅलेंट लीगच्या, म्हणजे व्हिक्टोरियातल्या तरुणांच्या लीगच्या, सामन्याला रिक्रूटर कसे पाहतात हे एकदा जवळून बघा, फार शिकायला मिळतं. पालक सीमारेषेवर मुलाने किती वेळा चेंडू घेतला हे मोजत असतात. रिक्रूटर पालकांच्या घोळक्यापासून लांब उभा असतो आणि चेंडू गेल्यानंतरचे पाच सेकंद पाहतो. चेंडू हिसकावला गेला की मुलगा मागे धावतो की हात पसरून पंचाकडे बघतो? सहकाऱ्याने झेल घेतला की त्याला पर्याय द्यायला धावतो की दम खात उभा राहतो? अंगावर माणूस आलेला असताना कमकुवत पायाने चाळीस मीटरवर चेंडू नीट पोचवतो का? मागे उभ्या सहकाऱ्याला हँडबॉल देऊन आकडा तीसवर नेलेला मुलगा त्याच्या वहीत फार वर जात नाही. चारच वेळा चेंडू मिळालेल्या एखाद्या मुलाच्या नावापुढे मात्र खूण होते, कारण त्या चारपैकी तीन वेळा त्याने सामना फिरवलेला असतो. सामना संपल्यावर घरी जाताना गाडीत तुम्ही आकड्यांबद्दल बोलत असाल, तर मुलाला चुकीची गोष्ट शिकवत आहात. हे मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगतो.

बघायला माणूस येतो का, हाही मोठा प्रश्न आहे. व्हिक्टोरियात टॅलेंट लीगचे विभागीय संघ आणि मोठ्या खासगी शाळांचे सामने, दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तिथल्या राज्य लीगचे तरुण संघ, आणि या सगळ्यांवर अठरा वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा: रिक्रूटरांचे शनिवार-रविवार इथे जातात. सोळाव्या वर्षी विभागीय संघातून गळलेला मुलगा गावच्या क्लबमध्ये कितीही चमकला तरी तिथे कुणी सहज फिरकत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी गुडघा गेला तर बघण्यासारखा मोसमच हातात राहत नाही. २०२० मध्ये कोविडमुळे व्हिक्टोरियातल्या मुलांची ही लीग झालीच नाही; त्या वर्षी अठराव्या वर्षात असलेल्या मुलांना आधीच्या वर्षीच्या चित्रफितींवर तोललं गेलं. यात कुणाचा काय दोष?

शेवटचं कारण मुलाच्या हाताबाहेरचं असतं. क्लबकडे आधीच तीन तरुण रक (चेंडूसाठी उडी घेणारे उंच खेळाडू) असतील, तर चौथा कितीही गुणी असो, त्याला ते घेणार नाहीत. शिवाय सगळ्या जागा खुल्या नसतात. ज्या क्लबसाठी वडील शंभर सामने खेळले, त्या क्लबला मुलावर पहिला हक्क असतो. २०२१ मध्ये निक डायकॉस अशाच नियमाने कॉलिंगवुडकडे गेला. क्लबांच्या ॲकॅडमीतल्या मुलांवरही त्या-त्या क्लबचा हक्क असतो.

या ॲकॅडमींकडे मराठी पालकांचं लक्ष जात नाही, आणि मला त्याची हळहळ वाटते. नेक्स्ट जनरेशन ॲकॅडमी ही योजना आदिवासी समाजातल्या आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसाठी आहे. आशियात जन्मलेल्या आईवडिलांची मुलं तिच्या कक्षेत येतात. तुमचा पत्ता कोणत्या क्लबच्या क्षेत्रात येतो आणि या वर्षीचे नियम काय आहेत, हे त्या क्लबला थेट विचारा. नियम बदलत राहतात, म्हणून मित्राच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं यावर विसंबू नका. आणि शक्यतो बाराव्या-तेराव्या वर्षी विचारा. आपल्याकडची बरीच मुलं नवव्या-दहाव्या वर्षी भारतातून येतात. बॅट हातात रुळलेली असते, पण ड्रॉप पंट ही फुटीतली किक मारायला पाय वळत नाही. ती कसर भरून निघते, मात्र त्याला दोन-तीन हिवाळे लागतात. शनिवारचा क्लास फुटीच्या सरावावर आला की आपण डोळे झाकून क्लास निवडतो, हेही खरं.

वगळलेल्या मुलाला पुढे वाट असते का? असते. टॉम स्टुअर्टला जिलाँगने २०१६ मध्ये ४०व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आज तो लीगमधल्या उत्तम बचावपटूंत गणला जातो. टिम केली अनेक ड्राफ्टमध्ये वगळला गेला, साउथ फ्रीमँटलकडून खेळत राहिला आणि २०१७ मध्ये २४व्या क्रमांकावर निवडला गेला. जेम्स पॉडसिॲडली एएफएलचा पहिला सामना खेळला तो अठ्ठाविसाव्या वर्षी, आणि पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, विजेत्या संघात होता. २०१९ पासून मोसमाच्या मध्यावरही ड्राफ्ट होतो. त्याच वर्षी त्यातून रिचमंडने सत्तावीस वर्षांच्या मार्लियन पिकेटला घेतलं आणि त्याने पदार्पण केलं ते थेट अंतिम सामन्यात.

ही नावं मी मुलांना सांगतो, पण अर्धवट सांगत नाही. केलीसारख्या एकाच्या मागे राज्य लीगमध्ये सात-आठ वर्षं घाम गाळून एएफएलचा एकही सामना न खेळलेले पुष्कळ जण असतात, आणि ते कमी गुणी नसतात. म्हणून अठराव्या वर्षी ठरवायचं ते असं: राज्य लीगमध्ये खेळत राहायचं, आणि शिक्षण किंवा हातातलं काम त्याच्या जोडीने पुढे न्यायचं. फुटी सुटली तरी पोट भरेल आणि फुटी लागली तरी अभ्यास पुन्हा धरता येईल, असा अभ्यासक्रम निवडा. फिजिओथेरपी, क्रीडाविज्ञान, शिक्षकी, इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप, यांपैकी कशातही कमीपणा नाही. विद्यापीठाचा प्रवेश वर्षभर लांबणीवर टाकता येतो का, हे अर्ज भरतानाच पाहून ठेवा.

बारावीच्या वर्षाचं वेळापत्रक मात्र निर्दय असतं. ऑक्टोबरमध्ये कंबाइन, ऑक्टोबरच्या शेवटापासून व्हीसीईच्या, म्हणजे व्हिक्टोरियातल्या बारावीच्या, परीक्षा, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ड्राफ्ट. क्लबचे लोक मुलाखतीला घरी येतात, फोन करतात, आणि मूल इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी कोणता क्लब काय म्हणाला याच विचारात असतं. क्लबच्या फोनला कोणत्या दिवशी उत्तर द्यायचं हे तुम्ही ठरवा. "परीक्षा संपेपर्यंत थांबा" असं शांतपणे सांगितल्याने कुठलाही शहाणा क्लब नाव खोडत नाही. उलट, रिक्रूटर शिक्षकांशी आणि प्रशिक्षकांशीही बोलतात. मुलगा शब्दाला जागतो का, हे त्यांना कळायला हवं असतं. सीमारेषेवरून प्रशिक्षकावर ओरडणारे वडीलही त्यांना दिसतात, हे लक्षात ठेवा.

मुलींसाठी चित्र जरा वेगळं आहे. एएफएलडब्ल्यू २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२२ पासून सर्व १८ क्लबांचे महिला संघ आहेत. दुसऱ्या खेळातून उशिरा आलेल्या मुलींना इथे अजून जागा आहे. पहिल्याच मोसमात सर्वोत्तम ठरलेली एरिन फिलिप्स बास्केटबॉलमधून आली होती. मुलगी नेटबॉल किंवा ॲथलेटिक्समध्ये चांगली असेल, तर सोळाव्या-सतराव्या वर्षी फुटी सुरू करायला उशीर झाला असं समजू नका.

आणि ड्राफ्टच्या रात्री नाव आलंच नाही तर? ती रात्र मुलाला त्याच्या मित्रांबरोबर जाऊ द्या. समजावणं, तुलना, नातेवाइकांचे फोन, सगळं बाजूला ठेवा. दोन-तीन दिवसांनी विभागीय संघाच्या टॅलेंट मॅनेजरची वेळ घ्या आणि बोलायचं काम मुलालाच करू द्या. त्याने दोनच प्रश्न विचारावेत: क्लबांना माझ्यात काय कमी वाटलं, आणि पुढच्या मोसमात मला कोण बघायला येईल? उत्तर लिहून घ्या. राज्य लीगच्या क्लबांचा पूर्वतयारीचा सराव नाताळाच्या आधीच सुरू होतो, आणि जागा भरत जातात. त्यामुळे तो फोन पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.