३ किलो ५० ग्रॅम म्हणजे ३.५० किलो नव्हे!



पाचवी-सहावीच्या मुलांना '३ किलो ५० ग्रॅम हे वजन किलोमध्ये लिहा' असं सांगून बघा. बरीच मुलं बिनधास्त ३.५० किलो लिहितात. ३ रुपये ५० पैसे म्हणजे ३.५० रुपये, हे आपणच आधी शिकवलेलं असतं ना! टिंबाच्या डावीकडे मोठं एकक, उजवीकडे लहान, झालं काम, असं त्यांच्या मनात पक्कं बसतं. पण रुपयाचे पैसे १००, मीटरचे सेंटिमीटर १०० आणि किलोचे ग्रॅम मात्र १०००. म्हणून पैशांना टिंबानंतर दोन घरं पुरतात, ग्रॅमला तीन लागतात. ५० ग्रॅम म्हणजे ०.०५० किलो, आणि उत्तर ३.०५० किलो. कांदा ४० रुपये किलो धरला तर खरे पैसे १२२, चुकीच्या लिखाणाने १४०. हा १८ रुपयांचा फरक फळ्यावर मांडा, वर्ग लगेच जागा होतो.

तसंही पैशांवरून दशांश समजावणं आता अवघडच झालंय. २५ पैसे व त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून बाद झाली. ५० पैशांचं नाणं कायद्याने चालतं, पण मुलांनी ते पाहिलेलं नसतं. (१९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे होते. 'सोळा आणे खरं' कुठून आलं, हे जाता जाता सांगून टाका. तेव्हा ३ रुपये ८ आणे म्हणजे साडेतीन रुपये, ३.८ नव्हे!)

त्यापेक्षा मुलांना भाजीवाल्याच्या किंवा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यासमोर उभं करा. तिथे टिंबानंतर तीन आकडे दिसतात. पाव किलो ०.२५०, पाऊण ०.७५०, सव्वा १.२५०, दीड १.५००. आधी मुलाने तोंडी सांगायचं, मग काट्यावर बघायचं. 'पावणेदोन' मुद्दाम विचारा, बरेच जण २.७५० म्हणतात. दोनाला पाव कमी, म्हणून १.७५०, हे काट्यावर बघितलं की लक्षात राहतं.

मग वहीवर ०.५ आणि ०.२५० लिहून मोठं कोणतं ते विचारा. पाचापेक्षा अडीचशे मोठे, असं उत्तर आलं तर नियम सांगत बसू नका. ०.५ ला काट्यासारखं ०.५०० लिहायला लावा. अर्धा किलो आणि पाव किलो, मूलच हसून उत्तर बदलतं.

आणि हो, क्रिकेटवेड्या मुलांसाठी एक प्रश्न राखून ठेवा. टीव्हीवर ४.३ षटकं दिसतात, म्हणजे ४ षटकं ३ चेंडू. षटकात चेंडू ६, मग खरी षटकं किती झाली? साडेचार, म्हणजे दशांशात ४.५. तिथे टिंब आहे, पण तो दशांश नाही!