आधी दोऱ्या जुळव

दौंड

चि. भाचेबुवांस,

मोरजीमहून धाडलेला काइटसर्फिंगचा व्हिडिओ पाहिला. काइट सारखी डावीकडे जाते आणि तू दांडीचं उजवं टोक ओढून तिला सरळ धरतोस. हे आधी सोड. तिरकी दांडी अंगवळणी पडली, की उद्या चांगली काइट मिळाली तरी तू ती तिरकीच उडवशील.

शिरूरला संक्रांतीत पतंग एका अंगाला ओढायला लागला, की आपण दुसऱ्या टोकाला चिंधी बांधून वेळ मारून नेतो. चार दोऱ्यांच्या काइटला चिंधी चालत नाही, दोऱ्याच सारख्या असाव्या लागतात. तू तर जुनी घेतलीस!

सुट्टीत येताना दांडी आणि दोऱ्या घेऊन ये. दौंडला समुद्र नसला तरी मोकळं रान आहे, मोजायला तेवढं पुरे. चारही दोऱ्यांची टोकं एका खुंटीला अडकवायची, ट्रिमचा पट्टा पूर्ण सोडायचा, दांडी अंगाशी ओढायची आणि मागे रेलायचं. दांडीचं जे टोक खुंटीकडे झुकेल, त्या बाजूची मागची, म्हणजे त्या टोकाला बांधलेली, दोरी आखूड. तुझी डावी निघेल, पैज लाव. आधी तीच अंगाचा भार टाकून ताण; तेवढ्याने बऱ्याचदा काम होतं. नाही झालं, तर तिचा फास दांडीपासून लांबच्या गाठीवर सरकव. पुढच्या दोन्हीही एकमेकींशी अशाच ताडून बघ.

डावं-उजवं जुळल्यावरच पुढचं-मागचं. जास्त भार पुढच्या दोऱ्यांवर येतो, म्हणून वापरून त्याच लांबतात. मागच्या आखूड पडतात आणि काइट मागे सरकत खाली बसते. तेव्हा मागच्या दोन्ही सारख्याच लांबव, एकच नव्हे.

एवढं करूनही परत गेल्यावर काइट एका अंगाला ओढत असेल, तर डाव्या-उजव्या दोऱ्यांची अदलाबदल कर. ओढ बाजू बदलली तर खोट दोरीत. तशीच राहिली तर काइटमध्ये, मग ब्रायडलच्या, म्हणजे काइटलाच बांधलेल्या, दोऱ्या तपासू.

आणि हो, इथे काइट चढवायची नाही. जंक्शनभोवती रेल्वेच्या २५,००० व्होल्टच्या तारा आहेत. भिगवणला उजनीच्या पाण्यावर थंडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात, त्यांना उठवायला तिकडेही जायचं नाही.

मामीने काजू सांगितलेत. दोऱ्या मात्र निघण्याआधी गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळव. वाळूने त्या आतून झिजतात.

तुझा,
मामा