लेबल छापायला देण्याआधी

मैत्रिणींनो, मसाला, हळद, पापड, कुरडया आपण चांगल्याच करतो. पण बंद पाकिटातली चव गिऱ्हाइकाला कळत नाही, त्याला दिसतं ते लेबल. हजार स्टिकर छापून आले आणि गटाचं नावच चुकलं, तर प्रेसवाला पैसे परत देत नाही. ते पैसे सगळ्यांच्या बचतीतून जातात. म्हणून मोबाइलवर फोटो नीट करणं आणि लेबल मांडणं यातल्या कामाच्या गोष्टी सांगते. डीटीपीवाल्याकडे काम दिलं तरी या माहीत हव्यात.

आधी फोटो. सकाळी ओसरीत, सावलीत काढा. लेन्स पदराने पुसा. दोन बोटांनी चित्र मोठं करू नका, फोनच जवळ न्या. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत पांढरी कुरडई पिवळी दिसते. ती स्नॅपसीड या मोफत अॅपमधल्या ‘व्हाइट बॅलन्स’ने बरीच सुधारते. ‘ट्यून इमेज’मधून उजेड थोडा वाढवा आणि थांबा. तिखट लालभडक करायचा मोह आवरा. पाकीट फोडल्यावर आतला रंग फिका निघाला तर गिऱ्हाईक आपल्यालाच भेसळवाले म्हणेल! आणि सुधारलेला फोटो वेगळा साठवा, मूळ फोटो पुसू नका.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. मोबाइलवर झकास दिसणारा फोटो छापल्यावर धुरकट का येतो? छपाईला एका इंचात साधारण ३०० ठिपके लागतात. म्हणजे ३ इंच रुंद फोटो छापायचा तर त्याची रुंदी निदान ९०० पिक्सेल हवी. आपल्या फोनचा मूळ फोटो सहसा याहून कितीतरी मोठा असतो. पण तो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की अॅप त्याला लहान करतं, आणि दोन-तीन ग्रुपमधून फिरून आला की त्यात काही उरत नाही. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हमध्ये न्या. स्क्रीनशॉट तर देऊच नका. इंटरनेटवरून उचललेला मिरच्यांचा फोटोही नको: तो दुसऱ्याच्या मालकीचा, आणि मिरच्याही आपल्या नव्हेत.

मांडणीसाठी कॅनव्हा सोपं पडतं. सुरुवातीलाच लेबलाचं माप मिलिमीटरमध्ये टाका. माप ठरवण्याआधी प्रेसमध्ये विचारा, एका शीटवर किती लेबलं बसतात? कधीकधी पाव इंच कमी केलं की एक रांग जास्त बसते. रंग किंवा चित्र कडेपर्यंत जात असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवा (याला ब्लीड म्हणतात), नाहीतर कटिंग जरा सरकलं की पांढरी रेघ दिसते. अक्षरं मात्र कडेपासून आत ठेवा. स्क्रीनवरचा चमकदार हिरवा किंवा केशरी कागदावर मळकट उतरतो, म्हणून आधी एकच नमुना छापून मागा. तारीख, बॅच आणि किमतीची जागा कोरी ठेवणार असाल तर तिथे चकचकीत लॅमिनेशन नको, शिक्क्याची शाई पुसली जाते.

मराठी अक्षरांचं दुखणं वेगळंच. आपण मोबाइलवर लिहितो ते युनिकोड. काही दुकानांत अजून जुनी सॉफ्टवेअर आणि जुने फॉन्ट चालतात. तिथे आपला मजकूर टाकला की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरं सुटतात, आणि ‘वऱ्हाडी ठेचा’चा ‘वर्हाडी ठेचा’ होतो. उपाय असा: मुक्तासारखा मोफत युनिकोड फॉन्ट वापरा आणि प्रेसला छपाईची पीडीएफ द्या, तिच्यात अक्षरांचं रूप जसंच्या तसं राहतं. दुकानदाराने कोरलड्रॉमध्ये काम केलं असेल तर शेवटी अक्षरं ‘कर्व्ह’ करायला सांगा. पण त्यानंतर मजकूर टाइप करून बदलता येत नाही, म्हणून त्याआधीची प्रत ठेवायची. गटातली कुणाची मुलगी फोटोशॉप शिकत असेल आणि तिथे मराठी फुटत असेल, तर सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय चालू करायला लागतो.

प्रूफ आलं की ते मोबाइलवर पाहून ‘ओके’ पाठवू नका. खऱ्या मापात कागदावर काढा, पाकिटाला चिकटवा, हातभर लांबून वाचा. एकीने मोठ्याने वाचावं, दुसरीने मूळ कागदाशी ताडावं. १४ आकडी फूड लायसन्स नंबर एकेक आकडा बोलून तपासा. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तारखा, गटाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठीचा फोन आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, हे सगळं आहे ना? मग सही करा.

आणि पैसे चुकते करताना ओपन फाइल मागून घ्या, म्हणजे ज्यात बदल करता येतो ती. पीडीएफ आणि जेपीजी तेवढ्यासाठी पुरत नाहीत. ही गोष्ट काम देतानाच बोलून ठेवा, मागाहून दुकानदार कुरकुर करतो. फाइल त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये राहिली की किंमत ५ रुपयांनी बदलायलाही त्याचेच उंबरे झिजवायचे. फाइलला ‘मसाला २०० ग्रॅम’ असं साधं नाव आणि तारीख द्या. एक प्रत गटाच्या ईमेलवर आणि एक सचिवताईंच्या पेनड्राइव्हमध्ये ठेवा.