पिवळी पट्टी झाकते, धरत नाही

पुणे परिसराला थ्रीडी प्रिंटर नवा नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखून यंत्राने वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, सुरू झाली; ती अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अशा अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक. आता शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये, इंजिनिअरिंगच्या मुलांच्या खोल्यांमध्ये, घरगुती उद्योगाच्या टेबलावर थ्रीडी प्रिंटर दिसतात. यंत्रं आली की दुरुस्ती आली. त्यातलं सर्वांत किरकोळ समजलं जाणारं काम म्हणजे हॉटएंडवरचं, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या भागावरचं, जळकं अस्तर काढून नवं घालणं. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून टेपचं रीळ आणावं, चार वेढे मारावेत, झालं! मला हे काम किरकोळ वाटत नाही. त्यातल्या बहुतेक चुका एकाच गैरसमजातून होतात. टेप वस्तूला जागेवर धरून ठेवते, असं आपण धरून चालतो. हॉटएंडवर टेपचं काम फक्त झाकण्याचं असतं. धरायचं काम स्क्रूचं.

हॉटएंड जवळून पाहिला की हे पटतं. मध्ये काडेपेटीहूनही लहान असा ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. त्याच्या एका भोकात हीटर कार्ट्रिज बसतं, ते बहुधा ४० वॉटचं. दुसऱ्या भोकात थर्मिस्टर, म्हणजे तापमान सांगणारा काचेचा मणी, मोहरीच्या दाण्याएवढा. खाली पितळी नोझल. यंत्राचं तापमानाविषयीचं सगळं ज्ञान त्या एका मण्यातून येतं. २५ अंशांना त्याचा रोध १ लाख ओहम असतो, २०० अंशांना तो काहीशे ओहमवर येतो. यंत्र हा रोध मोजतं आणि हीटर किती वेळ चालू ठेवायचा ते ठरवतं. मणी भोकातून अर्धा बाहेर सरकला तर त्याला ठोकळ्याची उष्णता कमी लागते, हवेची जास्त. तो कमी तापमान सांगतो आणि यंत्र बिचारं आज्ञाधारकपणे आणखी तापवत राहतं. पडद्यावर २१० अंश दिसत असतात, ठोकळा मात्र केव्हाच त्याच्या पुढे गेलेला असतो. ज्या हॉटएंडमध्ये टेफ्लॉनची नळी थेट नोझलपर्यंत उतरते, तिथे ती २४० अंशांच्या पुढे हळूहळू खराब होऊ लागते. तापमान आणखी चढलं तर तिच्यातून विषारी वाफा निघतात. त्या माणसाला त्रास देतात, घरातल्या पोपटाचा किंवा लव्हबर्ड्सचा तर जीवच घेऊ शकतात.

आता टेपकडे वळू. हॉटएंडवर जी पिवळी, पारदर्शक टेप लावतात ती पॉलिइमाइडची. ड्यूपाँट कंपनीने बाजारात आणलेल्या ‘कॅप्टॉन’ या नावानेच ती ओळखली जाते. उपग्रहांवर दिसणारं सोनेरी वेष्टनही बहुधा याच जातीच्या फिल्मचं असतं. ही फिल्म ४०० अंशांपर्यंत टिकते, आणि पाकिटावरचा तो आकडा वाचून आपण निर्धास्त होतो. पण फिल्म निराळी आणि तिच्या पाठीवरचा गोंद निराळा. गोंद सिलिकॉनचा असतो आणि साधारण २६० अंशांपर्यंतच भरवशाचा. त्यातही रोज तापणं आणि रोज निवणं चालू राहिलं की तो सुकतो, कडा सुटतात, वेढा सैल पडतो. फिल्म शाबूत दिसते, पकड मात्र गेलेली असते. म्हणून थर्मिस्टर केवळ टेपने दाबून ठेवलेला हॉटएंड पहिल्या महिन्यात उत्तम चालतो आणि नंतर केव्हातरी दगा देतो. हिरवी पॉलिएस्टर टेप तर इथे मुळीच नको, कारण पॉलिएस्टर स्वतःच २६० अंशांच्या आसपास वितळतं. वायरमन वापरतात ती काळी टेप १०० अंशांच्या आसपासच हात टेकते.

मग अस्तर हवंच कशाला, असा प्रश्न येतो. उघड्या ठोकळ्यानेही छपाई होते, हे खरं आहे. पण पहिले एक-दोन थर झाल्यावर छपाई थंड करणारा पंखा सुरू होतो आणि त्याचा झोत ठोकळ्यावरही जातो. वर एप्रिलमधल्या पुण्यातल्या घरात छतावरचा पंखाही पाचवर फिरत असतो. तापमान खाली येतं, हीटर जोर लावतो, पुन्हा वर जातं. या हेलकाव्यांमुळे थर एकसारखे बसत नाहीत, कधी यंत्र चूक दाखवून मध्येच थांबतं. अस्तर हे चढउतार शमवतं. पावसाळ्यात आणखी एक उपद्रव. दमट हवेत फिलामेंट, म्हणजे छपाईची प्लास्टिकची तार, ओल धरतं, नोझलमधून जास्त गळतं, आणि ते वितळलेलं प्लास्टिक ठोकळ्यावर चढून अस्तराच्या सिरॅमिक लोकरीत मुरतं. तपकिरी, कडक झालेलं अस्तर पावसाळ्यानंतर बदलावं लागतं, त्यामागे बरेचदा हेच कारण असतं.

याहून गंभीर आक्षेप असा, की आजकालच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, तापमान हाताबाहेर गेलं तर हीटर बंद करणारं संरक्षण असतं. मग इतकी काळजी कशाला? संरक्षण असतं आणि ते चालू असलंच पाहिजे. पण ते पाहतं मण्याने सांगितलेलं तापमान. मणी पूर्ण निसटला, तर हीटर चालू असूनही आकडा वाढत नाही हे त्याच्या लक्षात येतं. मणी अर्धाच सरकून तिथेच स्थिरावला, तर आकडा अगदी शहाण्यासारखा २१० वर उभा राहतो आणि संरक्षणाला संशय येण्याचं कारणच उरत नाही. शिवाय हीटरला वीज देणारा मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच जळून कायमचा ‘चालू’ झाला, तर फर्मवेअर तो बंद करू शकत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. बिघाड झालाच तर अस्तर घातलेला ठोकळा उघड्यापेक्षा जास्त तापेल. हे निर्विवाद खरं आहे, आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा. बांधणी पक्की नसताना चढवलेलं अस्तर धोका वाढवतं.

तो क्रम असा. प्लास्टिक गळत असेल तर आधी ठोकळा गरम असताना, हातमोजे घालून, पान्याने ठोकळा धरून नोझल आवळून घ्यावं. मग प्लग काढावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि ठोकळा पूर्ण निवू द्यावा. जुनी सिरॅमिक लोकर कोरडी ओरबाडू नये. रिफ्रॅक्टरी सिरॅमिक तंतू माणसाला कर्करोगकारक असू शकतात, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण आहे. तुकडा चिमूटभर असला तरी मास्क लावून, पाण्याचा हलका फवारा मारून, ओल्या कागदाने उचलावा आणि पिशवी बांधून टाकावा. मग सगळं खडखडीत वाळू द्यावं. हीटरचा स्क्रू कार्ट्रिज हलणार नाही इतपत आवळावा. थर्मिस्टरचा स्क्रू मात्र बेताने, कारण जास्त पिळला तर काचेचा मणी फुटतो. मल्टीमीटर असेल तर हीटर मोजून घ्यावा. ४० वॉटचा हीटर २४ व्होल्टचा असेल तर सुमारे १४ ओहम आणि १२ व्होल्टचा असेल तर साडेतीन ओहमच्या थोडं वर आकडा यायला हवा. तारांना ठोकळ्यापासून थोडं दूर, वर कुठेतरी केबल टायने आधार द्यावा, म्हणजे छपाईचं डोकं मागेपुढे धावताना ताण मण्यापर्यंत पोचत नाही.

एवढं झाल्यावर अस्तर. तुमच्या ठोकळ्याच्या मापाचं सिलिकॉनचं मोज्यासारखं आवरण मिळत असेल तर तेच घ्या. ते गोंदावर अवलंबून नसतं आणि काढून पुन्हा घालता येतं. मिळत नसेल तर लोकरीचा पातळ थर आणि वर कॅप्टॉनचे दोन वेढे. वेढे फक्त ठोकळ्याभोवती हवेत. वरच्या थंड भागावर टेप चढली तर उष्णता तिथेच कोंडते आणि फिलामेंट आत अडकतं. नोझलचं टोक मोकळं आणि अस्तराच्या खाली राहिलं पाहिजे. अस्तर बदललं की ठोकळ्याचा तापण्या-निवण्याचा स्वभावही बदलतो, म्हणून मार्लिन फर्मवेअर असेल तर एम३०३ आज्ञेने पीआयडी, म्हणजे तापमान स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रणाचे आकडे, नव्याने जुळवून एम५०० ने साठवावं. पहिल्यांदा तापवताना ५०, १००, १५०, २०० असं टप्प्याटप्प्याने जावं आणि तेवढा वेळ यंत्रासमोरून उठू नये.

दहा मिनिटांच्या कामाचा तासभर झाला, अशी तक्रार होईल. होऊ द्या. टेपचं रीळ हातात घेण्यापूर्वी हीटर आणि थर्मिस्टर या दोन्हींच्या तारा बोटांनी हलकेच ओढून पाहा. टेप नसतानाही त्या जागच्या हलल्या नाहीत, तरच टेप लावा.