चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा बेलीफ

लंडनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातल्या कर्जसल्ला केंद्रात मी शनिवारी स्वयंसेवक म्हणून बसते. मराठी, हिंदी किंवा गुजराती बोलणारं कुणी आलं की त्याला माझ्या टेबलाकडे पाठवतात. कागद बहुतेकांचा सारखाच असतो. वर कौन्सिल टॅक्सची किंवा पार्किंगच्या दंडाची थकबाकी, खाली बेलीफची फी, आणि एकूण आकडा मूळ रकमेच्या दुप्पट. पत्रावर 'एन्फोर्समेंट एजंट' असं भारदस्त नाव छापलेलं असतं, पण सगळे त्याला बेलीफच म्हणतात. या टेबलावर जे कळलं ते लिहून ठेवते आहे. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा.

१. आपल्याकडचा बेलीफ डोळ्यांसमोर आणू नका.

आपला बेलीफ म्हणजे दिवाणी कोर्टाचा पगारी माणूस. समन्स बजावणार, जप्तीचा पंचनामा करणार. इथे कौन्सिलच्या थकबाकीसाठी दारात येतो तो खाजगी कंपनीचा माणूस असतो. कौन्सिल त्या कंपनीला सहसा छदामही देत नाही. कंपनीची कमाई थकबाकीदाराच्या फीमधून होते. म्हणजे कौन्सिलला वसुली फुकट पडते आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याच डोक्यावर वसुलीचा खर्च बसतो. कौन्सिल एवढ्या लवकर फाइल बेलीफकडे का सरकवते, याचं दुसरं कारण मला तरी सापडलेलं नाही.

२. फीचा तक्ता तोंडपाठ हवा.

२०१४ च्या एप्रिलपूर्वी कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्या फेरीचे साडेचोवीस पौंड, दुसरीचे अठरा, आणि त्यापुढे 'व्हॅन आणल्याचा वाजवी खर्च' असा मामला होता. वाजवी म्हणजे किती, ते व्हॅनवाला ठरवणार! रस्त्याच्या कोपऱ्यावर व्हॅन खरंच उभी होती की नाही, हे कोण बघायला जातंय? नव्या नियमांनी ही मोकळीक काढून घेतली आणि टप्पे ठरवून दिले. फाइल कंपनीकडे गेली की ७५ पौंड. माणूस पहिल्यांदा दारात आला की २३५. सामान विकायला न्यायची वेळ आली तर ११०. थकबाकी १,५०० पौंडांच्या वर असेल तर शेवटच्या दोन टप्प्यांत वरच्या रकमेवर साडेसात टक्के आणखी. हायकोर्टाच्या वसुलीचा तक्ता निराळा आणि बराच महाग; त्यात मी इथे शिरत नाही.

म्हणजे लूट थांबली का? बेकायदा लूट पुष्कळ कमी झाली. पण जरा हिशेब मांडून बघा. ३०० पौंडांची थकबाकी असलेल्या बाईकडे बेलीफ एकदा येऊन गेला की फी ३१०. कर्जाहून फी मोठी. १,५०० पौंड थकवणाऱ्यालाही फी तेवढीच, ३१०. आणि ३,००० वाल्याला ४२२ पौंड ५० पेन्स, म्हणजे चौदा टक्के. जितकं कर्ज लहान तितका फटका मोठा. तक्ता सुटसुटीत आहे हे खरं, पण तो करणाऱ्याने गरिबाच्या बाजूने विचार केला होता असं मला वाटत नाही.

या तक्त्याचा एक उपयोग मात्र पक्का. २३५ हे फेऱ्यांचे नाहीत, टप्प्याचे आहेत. बेलीफ एकदा येवो नाहीतर पाचदा, आकडा तोच. एकाच माणसाच्या दोन-तीन थकबाक्या एकाच कंपनीकडे असतील तर शक्य तिथे त्या एकाच फेरीत उरकायच्या आणि २३५ एकदाच लावायचे, असं नियम सांगतो. ७५ मात्र प्रत्येकीचे. कागदावर दोनदा २३५ दिसले की मी पेन उचलते. लेखी तपशील मागितला की त्यातले एक २३५ बऱ्याचदा गुपचूप गळतात.

३. खरा मोका ७५ आणि २३५ यांच्या मधला.

बेलीफने येण्याआधी नोटीस द्यावी लागते आणि पूर्ण सात दिवस थांबावं लागतं. रविवार आणि बँक हॉलिडे त्यात धरत नाहीत. त्या दिवसांत फोन करून हप्ते बांधून घेतले आणि ते पाळले, तर २३५ लागत नाहीत. नेमकं याच दिवसांत पाकीट फ्रिजवर पडून असतं. भीतीने न उघडलेली पाकिटं माणसं पिशवीत भरून आणतात आणि माझ्यासमोर ओततात. मी आधी तारखांप्रमाणे लावून घेते; रागवायचं असलं तर नंतर.

आणि परस्पर कौन्सिलच्या खात्यात मूळ रक्कम भरली की फी चुकली, हा समज सोडा. फी थकबाकीचाच भाग धरली जाते आणि राहिलेल्या फीसाठी बेलीफ पुन्हा येतो.

४. घर बदललं की कौन्सिलला कळवा, जुन्या घराचं शेवटचं बिल मागून घ्या.

हा आपल्या लोकांचा खास आजार. पुण्याहून आयटीच्या नोकरीवर आलेलं जोडपं दोन वर्षांत तीन भाड्याची घरं बदलतं. पहिल्या घराचे शेवटचे दोन महिने राहून जातात. स्मरणपत्र, कोर्टाचं समन्स, बेलीफची नोटीस, सगळं जुन्या पत्त्यावर जातं. दारावरची थाप मात्र नव्या पत्त्यावर पडते. अशा वेळी वाद घालायला जागा असते, कारण टपालाने पाठवलेली नोटीस माणूस राहतो किंवा धंदा करतो त्या पत्त्यावर जायला हवी. पत्ता बदलल्याचा पुरावा जोडून कौन्सिल आणि कंपनी दोघांनाही लिहायचं आणि २३५ काढून टाका म्हणायचं. मूळ बिल मात्र भरायचं. ते आपलंच असतं.

५. 'या, बसा' म्हणू नका.

नातवंडं सांभाळायला साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी बेलीफला घरात घेऊन चहा केल्याचं मी ऐकलं आहे. दारात आलेल्याला उभं ठेवायचं नाही, हे आपलं वळण. कौन्सिल टॅक्सच्या पहिल्या फेरीला त्याला जबरदस्तीने आत शिरता येत नाही. पण दार उघडं मिळालं आणि तो शांतपणे आत आला, सामानाची यादी केली, सही घेतली, की पुढच्या वेळी हप्ता चुकल्यास जबरदस्तीने आत शिरायचा हक्क त्याला मिळतो. बोलायचं ते बंद दाराआडून. घरात फक्त सोळा वर्षांखालची मुलं असतील तर त्याने आत येऊच नये, असा नियम आहे. मात्र दार उघडलं नाही म्हणून २३५ वाचत नाहीत. ते तो आला तेव्हाच लागलेले असतात.

६. त्याची नजर गाडीवर असते.

सोफ्यात त्याला रस नसतो. गाडी रस्त्यावर दिसली की चाकाला क्लॅम्प. अपंगांचा ब्लू बॅज असलेली गाडी उचलता येत नाही. गाडी तुमच्या पोटापाण्याची असेल तर कामाची अवजारं-सामान मिळून १,३५० पौंडांपर्यंत सूट आहे, पण धड चालणारी कुठली गाडी त्यात बसते? कपडे, अंथरूण-पांघरूण, रोजच्या गरजेचं घरसामान, पाळलेलं कुत्रं-मांजर यांना हात लावता येत नाही.

बायका मंगळसूत्राचं विचारतात. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने धर्मरूढीनुसार बाईला अंगावेगळे करता न येणारे दागिने जप्तीतून वगळले आहेत. इथल्या यादीत तसं कलम नाही.

७. अडचण लेखी कळवा, आणि आधी कळवा.

गंभीर आजार, गरोदरपण, एकटी आई, नुकतंच घरात कुणी गेलेलं, इंग्रजी नीट न समजणं, हे सगळं सरकारने २०१४ मध्ये काढलेल्या मानकांत 'व्हल्नरेबल' म्हणून मोडू शकतं. अशा माणसाला सल्ला घ्यायला पुरेशी संधी दिली नसेल तर २३५ वसूलच करता येत नाहीत. हा नियम बेलीफ आपणहून सांगत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीची प्रत जोडलेली चार ओळींची ईमेल इथे फार काम करते. फोनवर रडून सांगितलेलं कुठे नोंदलेलं सापडत नाही.

८. साठ दिवस मिळू शकतात.

२०२१ च्या मे महिन्यापासून 'ब्रीदिंग स्पेस' नावाची सोय आहे. कर्जसल्लागाराकडून अर्ज गेला की साठ दिवस बहुतेक वसुली, व्याज आणि नवी फी थांबते. अर्ज आपला आपण करता येत नाही आणि पाकीट बंद असेपर्यंत कुणी करूही शकत नाही.

९. कौन्सिल हात वर करते, ते मानू नका.

'फाइल आता कंपनीकडे आहे, आमच्या हातात काही नाही,' हे उत्तर ठरलेलं. कंपनीला नेमते कौन्सिल, आणि फाइल परत मागवायची असेल तर तीच मागवू शकते. बेलीफ कौन्सिलच्या वतीने वागतो, म्हणून त्याच्या चुकांबद्दल ओम्बुड्समन (तक्रारींचा लोकपाल) कौन्सिललाच जाब विचारतो. आधी कौन्सिलकडे लेखी तक्रार, तिथे दाद लागली नाही तर ओम्बुड्समनकडे, दोन्ही फुकट. एक ईमेल आपल्या वॉर्डच्या नगरसेवकालाही टाका. हॅमरस्मिथ अँड फुलम या लंडनच्याच कौन्सिलने कौन्सिल टॅक्ससाठी बेलीफ पाठवणं बंद केलं आहे. माझ्या ओळखीतला एक नगरसेवक म्हणतो की आमच्याकडे ते जमणार नाही. का जमणार नाही, ते त्याने अजून लेखी दिलेलं नाही.